स्वॅन आयलंडचं पाळणाघर

पाळणाघर बंद होतंय हा निरोप बहुतेक वेळा संध्याकाळी मिळतो. आपण मुलाला घ्यायला जातो, चपला-दप्तर-पाण्याची बाटली गोळा करतो, आणि बाई म्हणतात, "जरा दोन मिनिटं थांबता का?" पुढचं तुम्हाला माहीत आहे. आजी-आजोबांना कधी बोलवायचं, कुणी किती रजा टाकायची, कुणाची मीटिंग हलू शकते आणि कुणाची नाही, यावर रात्री साडेअकरापर्यंत खल. मार्च २०२० मध्ये तर हे एकाच आठवड्यात सगळ्या शहरांत झालं, त्यामुळे त्याच्या वर्णनात वेळ घालवत नाही.

आज सांगायचंय ते १९४५ सालच्या एका पाळणाघर-बंदीबद्दल. एक-दोन नाही, अख्ख्या अमेरिकेतली हजारो पाळणाघरं एका सरकारी घोषणेने बंद व्हायची होती. आणि बंद होण्याचं कारण होतं एक आनंदाची बातमी. युद्ध संपलं होतं!

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो पोर्टलंडमुळे. काही वर्षांपूर्वी ऑनसाइटला मी तिथे जवळच हिल्सबरोला होतो. आपले मराठी लोक त्या भागात भरपूर, सगळे चिप आणि सॉफ्टवेअरच्या जिवावर. शहरातून वाहणाऱ्या विलामेट नदीच्या काठी स्वॅन आयलंड म्हणून एक भाग आहे. नाव बेटाचं, पण एका बाजूने भराव घातल्यामुळे ते आता बेट राहिलेलं नाही. आधी तिथे शहराचा विमानतळ होता, मग युद्धात शिपयार्ड झालं, आता गोदामं आणि ट्रकच ट्रक. १९४३ ते १९४५ या काळात तिथे शिपयार्डच्या अगदी दाराशी एक पाळणाघर होतं. त्या वेळी अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या पाळणाघरांत त्याची गणती व्हायची. माझ्या मते पाळणाघर कसं असावं याचं आजवरचं सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे ते. आणि ते जेमतेम बावीस महिने टिकलं.

थोडी पार्श्वभूमी. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. पुरुष फौजेत चालले, आणि त्याच वेळी कारखान्यांना जहाजं, विमानं, दारूगोळा यांची अफाट मागणी आली. माणसं आणायची कुठून? बायकांकडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९४० मध्ये अमेरिकेत साधारण एक कोटी वीस लाख बायका नोकरी करत होत्या, १९४५ पर्यंत हा आकडा एक कोटी ऐंशी लाखांच्या वर गेला. बाह्या सरसावून दंड दाखवणाऱ्या बाईचं ते पोस्टर तुम्ही पाहिलं असेलच, मगवर, टी-शर्टवर, कुठे ना कुठे. पण त्या पोस्टरमधल्या बाईचं मूल कुठे आहे, हा प्रश्न कुणाला पडत नाही. मलाही आमच्या घरात मूल येईपर्यंत पडला नव्हता. :-)

त्या मुलाचं काय होत होतं? शेजारणीकडे, थोरल्या बहिणीकडे, गळ्यात घराची किल्ली अडकवून रस्त्यावर, नाहीतर चक्क गाडीत. अ‍ॅग्नेस मायर या पत्रकार बाई युद्धकाळात देशभर फिरल्या. कॅलिफोर्नियातल्या सॅन फर्नांडो खोऱ्यात एका कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाड्यांत कोंडून ठेवलेली ४५ लहान मुलं एका समाजसेविकेने मोजली होती, ही नोंद त्यांच्या लिखाणात आहे. कारखान्याच्या एका पार्किंगमध्ये पंचेचाळीस! त्या आयांना दुष्ट ठरवून आपण मोकळे होऊ शकतो. पण गाडी पार्किंगमध्ये असली तर निदान जेवणाच्या सुट्टीत मुलाकडे धावत जाऊन येता येतं, हा हिशोब कुठल्या तरी बाईने केला असणार.

आता पोर्टलंड. तिथली शिपयार्डं हेन्री कायझर या उद्योगपतीची. हा माणूस मूळचा रस्ते आणि धरणं बांधणारा ठेकेदार. जहाज हे प्रकरण त्याला नवीन, म्हणूनच बहुधा त्याने ते जुन्या पद्धतीने बांधलं नाही. सुटे भाग वेगवेगळीकडे तयार करायचे आणि शेवटी जोडायचे. सप्टेंबर १९४२ मध्ये पोर्टलंडच्या ओरेगन शिपयार्डने एक लिबर्टी जहाज दहा दिवसांत पाण्यात सोडलं. या वेगाला लागणाऱ्या हातांपैकी हजारो हात बायकांचे होते. त्यांत वेल्डर होत्या, इलेक्ट्रिशियन होत्या, रंगारी होत्या. मूल आजारी पडलं, शेजारीण गावाला गेली, की त्यातली एखादी कामावर येत नसे. गैरहजेरीचे आकडे वाढायला लागले तेव्हा हा 'बायकांचा घरगुती प्रश्न' एकदम उत्पादनाचा प्रश्न झाला.

एप्रिल १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्षांची पत्नी एलिनॉर रूझवेल्ट एका युद्धनौकेच्या जलावतरणासाठी कायझरच्या तिथल्या शिपयार्डात आली होती. तिने पाळणाघरांचा विषय लावून धरला. पोर्टलंडच्या शिपयार्डांचा कारभार बघणाऱ्या एडगर कायझरने, म्हणजे हेन्रीच्या मुलाने, तो मनावर घेतला. इमारतींचा खर्च सरकारच्या मेरिटाइम कमिशनने केला. नोव्हेंबर १९४३ मध्ये दोन पाळणाघरं सुरू झाली, एक स्वॅन आयलंडला आणि एक ओरेगन शिपयार्डला.

त्यांची रचना वाचताना मी अक्षरशः दोनदा मागे जाऊन वाचलं. गोलाकार इमारत, मध्ये खेळायला हिरवळीचं अंगण, आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या पंधरा खोल्या. जागा शिपयार्डच्या प्रवेशद्वारापाशीच, म्हणजे आईला वेगळी वाट वाकडी करायला नको. खिडक्या मोठ्या आणि बसायच्या जागा अशा की मुलांना समोर आई जिथे काम करते ते शिपयार्ड दिसावं. बेसिन मुलांच्या उंचीचे. अंघोळीचे टब मात्र उंचावर, कारण दिवसाला वीस-वीस मुलांना अंघोळ घालणाऱ्या बाईची कंबर मोडू नये! ज्याने कुणी हे ठरवलं त्याने आधी कुणाला तरी "तुला त्रास कशाचा होतो?" असं विचारलं असणार. आमच्या धंद्यात याला युजर रिसर्च म्हणतात आणि तो बहुतेक वेळा राहून जातो.

वेळ: चोवीस तास. शिपयार्ड तीन पाळ्यांत चालायचं म्हणून पाळणाघरही तीन पाळ्यांत. दुसऱ्या पाळीच्या आया मध्यरात्रीनंतर झोपलेली पोरं खांद्यावर टाकून घरी न्यायच्या. वय दीड ते सहा वर्षं. फी सहा दिवसांच्या आठवड्याला ५ डॉलर, दुसऱ्या मुलाला पावणेचार. शिकवायला बालशिक्षणात पदवी घेतलेल्या शिक्षिका, देशभरातून शोधून आणलेल्या, आणि त्यांना पगार शिपयार्डच्या दराशी तुलना होईल असा. लोईस मीक स्टोल्झ आणि जेम्स हाइम्स या बालशिक्षणातल्या नावाजलेल्या दोन माणसांकडे कारभार. आजारी मुलासाठी वेगळी खोली आणि नर्स. लसी तिथेच टोचून मिळायच्या. कपडे उसवले तर शिवून मिळायचे. आणि सगळ्यात भारी म्हणजे, आधी सांगून ठेवलं तर संध्याकाळी मुलाबरोबर घरच्यासाठी तयार जेवणाचा डबाही मिळायचा. थकून आलेल्या बाईने घरी जाऊन पुन्हा चुलीपुढे उभं राहायचं नाही, एवढा विचार १९४३ साली एका कंपनीने केला होता.

(इथे एक गोष्ट सांगायला हवी. सुरुवातीला पाळणाघर बरंच रिकामं होतं. लोकांचा विश्वास नव्हता. अमेरिकेत त्याआधी सरकारी पाळणाघर म्हणजे गरिबांसाठीची धर्मदाय सोय असा समज होता, आणि आपलं मूल तिथे टाकणं कमीपणाचं वाटायचं. शहरातल्या जुन्या संस्थाही कायझरवर नाराज होत्या. हळूहळू, एकीचं बघून दुसरी, अशी मुलं वाढत गेली.)

बावीस महिन्यांचा हिशोब उपलब्ध आहे. एकूण ३,८११ वेगवेगळी मुलं तिथे राहून गेली, आणि मूल-दिवस भरले २,४९,२६८. भागाकार केला तर एका मुलामागे सरासरी ६५ दिवस. हा आकडा मला फार बोलका वाटतो. म्हणजे बरीच मुलं काही आठवडेच तिथे होती. घरं बदलत होती, पाळ्या बदलत होत्या, नवऱ्याची पोस्टिंग बदलत होती. एवढ्या अस्थिर आयुष्यांच्या मधोमध रोज तीच खोली आणि तीच बाई ही एकच गोष्ट मुलाला ओळखीची होती.

कायझरचं पाळणाघर हा मुकुटमणी, पण सर्वसामान्य उदाहरण नव्हे. देशभर जी पाळणाघरं निघाली ती लॅनहॅम कायद्याखाली. टेक्सासचे खासदार फ्रिट्झ लॅनहॅम यांच्या नावाने ओळखला जाणारा हा १९४० सालचा कायदा मुळात होता युद्धकारखान्यांच्या आसपास घरं बांधण्यासाठी. नंतर त्यात रस्ते, गटारं, पाणी, शाळा, दवाखाने अशा 'सामुदायिक सोयीं'ची भर पडली. पाळणाघराचा शब्द त्यात नव्हताच. १९४२ मध्ये कुणीतरी तो ओढूनताणून 'सामुदायिक सोय' या सदरात बसवला आणि पैसे दिले. त्यावर संसदेत मोठी चर्चा नाही, 'मुलांना सांभाळणं ही सरकारची जबाबदारी आहे का' असा वाद नाही, काही नाही. गटारांच्या बजेटमधून पाळणाघरं!

ही युक्ती जबरदस्त चालली. जुलै १९४४ मध्ये ३,१०२ केंद्रं सुरू होती आणि त्यात एक लाख तीस हजारांच्या आसपास मुलं होती. न्यू मेक्सिको सोडलं तर एकही राज्य उरलं नाही. फी दिवसाला साधारण ५० ते ७५ सेंट, आणि उत्पन्नाची अट नाही. आई कामावर जाते एवढं पुरे. संपूर्ण काळात साडेपाच ते सहा लाख मुलं या केंद्रांत जाऊन आली असा अंदाज आहे. सगळी कायझरसारखी नव्हती. काही चर्चच्या तळघरात होती, काही शाळेच्या रिकाम्या वर्गात, काही अगदीच सुमार. पण होती. आणि पुढे २०१७ मध्ये ख्रिस हर्बस्ट या अर्थशास्त्रज्ञाने जनगणनेच्या आकड्यांवरून अभ्यास केला, तेव्हा जिथे या कायद्याखाली जास्त खर्च झाला तिथल्या आया जास्त प्रमाणात नोकरीत राहिल्या, आणि तिथली मुलं मोठी झाल्यावर शिक्षण आणि नोकरी दोन्हीत सरस निघाली, असं त्याला दिसलं.

मग १४ ऑगस्ट १९४५. जपानची शरणागती. रस्त्यांवर नाच, मिठ्या, कागदाचे तुकडे. आणि त्याच महिन्यात फेडरल वर्क्स एजन्सीची घोषणा आली: पाळणाघरांचे पैसे लवकरात लवकर थांबवण्यात येतील, फार तर ऑक्टोबर अखेरपर्यंत मिळतील.

आता बघा. युद्ध संपलं म्हणजे काय झालं? लाखो सैनिक अजून युरोपात आणि पॅसिफिकमध्येच होते. जहाजांची रांग लागली होती, माणसं घरी यायला महिनोन् महिने लागणार होते. काही येणारच नव्हते. काही येणार होते ते पाय किंवा हात गमावून. त्यांच्या बायका सप्टेंबरमध्येही सकाळी उठून कामावर जात होत्या, कारण घरभाडं सप्टेंबरमध्येही होतंच. पण कायद्याच्या कोडमध्ये लूप चालू ठेवण्याची अट एकच होती, 'युद्ध चालू आहे का?' आई कामावर जाते का, वडील घरी परतले का, ही व्हेरिएबल्स कुठे तपासलीच जात नव्हती. आमच्या क्षेत्रात 'तात्पुरता' म्हणून लिहिलेला कोड पंधरा-पंधरा वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालतो. इथे नेमकं उलटं झालं. जे कायमचं हवं होतं ते तात्पुरतं म्हणून लिहिलं गेलं, आणि ते वेळेवर बंद पडलं!

ज्या चतुराईने ही पाळणाघरं उघडली त्याच चतुराईने ती मारली, असं मला वाटतं. वाद न घालता पैसे मिळवले, म्हणून वाद न होता पैसे गेले. मुलांना सांभाळायला हवं म्हणून ही पाळणाघरं आहेत, असं कुणी कधी कागदावर म्हटलंच नव्हतं. कागदावर ती जहाजांसाठी आणि विमानांसाठी होती. जहाजं नकोत, मग पाळणाघर कशाला?

बायकांनी मात्र ते निमूटपणे घेतलं नाही. महिन्याभरातच एजन्सीकडे १,१५५ पत्रं, ३१८ तारा आणि ७९४ पोस्टकार्डं आली, आणि निवेदनांवर ३,६४७ सह्या. आकडे आजच्या ऑनलाइन याचिकांच्या मानाने किरकोळ वाटतील, पण दिवसभर काम करून, मूल झोपवून, मग टेबलाशी बसून हाताने लिहिलेलं पत्र ही वेगळी चीज आहे. सैनिकांच्या बायका होत्या, विधवा होत्या, एकट्याने घर चालवणाऱ्या होत्या. सगळ्यात जास्त आवाज कॅलिफोर्नियातून उठला. एलिनॉर रूझवेल्टने सप्टेंबरमध्ये आपल्या वर्तमानपत्रातल्या सदरात हा विषय घेतला. आपण ही केंद्रं युद्धापुरती समजत होतो, पण गरज कदाचित कायमची असेल, अशा अर्थाचं तिने लिहिलं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी संसदेकडे आणखी ७० लाख डॉलर मागितले. ते मिळाले आणि मुदत फेब्रुवारी १९४६ च्या अखेरपर्यंत वाढली. वाढली म्हणजे चार महिने.

स्वॅन आयलंडला तर तेवढंही नशिबात नव्हतं. तिथली पाळणाघरं कंपनीची होती, त्यांचा खर्च जहाजांच्या उत्पादन खर्चात धरला जायचा. जहाजांची कंत्राटं संपली, बायकांना कामावरून काढलं, आणि सप्टेंबर १९४५ मध्येच दोन्ही पाळणाघरांना कुलूप लागलं. कंबर न मोडणारे टब, खिडकीतल्या बैठका, डबे, सगळं.

पुढे काय झालं? बऱ्याच जणींनी नोकरी सोडली, बऱ्याच जणींना सोडायला लावली. ज्यांना सोडणं परवडणारं नव्हतं त्यांनी तेच केलं जे आपण करतो. आईला बोलावलं, बहिणीला बोलावलं, रात्रपाळी घेतली, शेजारणीला पैसे दिले. किल्लीवाली मुलं पुन्हा रस्त्यावर दिसू लागली. आणि युद्धकाळातल्या ब्यूरोच्या पाहणीत चारपैकी तीन बायकांनी युद्धानंतरही काम करायचंय असं सांगितलं होतं, ते काही खोटं नव्हतं. पन्नाशीच्या दशकात नोकरी करणाऱ्या विवाहित बायकांची संख्या युद्धकाळाच्याही वर गेली. आया होत्या, नोकऱ्या होत्या, मुलं होती. पाळणाघर तेवढं नव्हतं.

मध्येच एक घरचं उदाहरण. गेल्या वर्षी आमच्या मुलीचं पुण्यातलं पाळणाघर आठ दिवसांच्या नोटिशीवर बंद झालं. कारण जागेचा भाडेकरार. बाई चांगल्या, मुलं खूश, फी वेळेवर, यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. आम्ही बावीस घरं होतो. पहिल्या रात्री ग्रुपवर दोनशे मेसेज, "आपण सगळे मिळून जागा बघू या" वगैरे. तिसऱ्या दिवशी चौघांना दुसरीकडे जागा मिळाल्या, पाचव्या दिवशी आणखी सहा गेले, आठव्या दिवशी ग्रुप शांत. यात कुणाचा दोष नाही, प्रत्येकाला सोमवारी ऑफिस होतं. पण यामुळेच कॅलिफोर्नियाच्या बायकांची गोष्ट मला जास्त थक्क करते.

कारण त्या पांगल्या नाहीत. कॅलिफोर्नियात पाळणाघरं शाळा-मंडळांच्या हातात होती, शिक्षिका त्यांच्या बाजूने होत्या, आणि पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या होत्या. केंद्राचे पैसे बंद होणार हे दिसल्यावर त्यांनी मोर्चा वॉशिंग्टनकडून राज्याच्या राजधानीकडे, सॅक्रामेंटोकडे वळवला. १९४६ च्या सुरुवातीला राज्याच्या विधिमंडळाने पैसे मंजूर केले. तेसुद्धा थोड्याच काळासाठी. मग पुन्हा मुदत, पुन्हा मोर्चा, पुन्हा मुदतवाढ. दर एक-दोन वर्षांनी त्याच बायका (किंवा त्यांच्या जागी आलेल्या नव्या, कारण मुलं मोठी होतात!) राजधानीत जाऊन तेच सांगायच्या. असं अकरा वर्षं चाललं. १९५७ मध्ये राज्याने ती पाळणाघरं कायमची केली. किंमतही मोजावी लागली. उत्पन्नाची अट आली, सर्वांसाठी असलेली सोय कमी उत्पन्नवाल्यांपुरती राहिली. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातही झगडून काही पाळणाघरं वाचली. बाकी देशात जवळपास सामसूम.

राष्ट्रीय पातळीवर हा विषय पुन्हा आला तो १९७१ मध्ये. देशभर पाळणाघरांची व्यवस्था करणारं विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, आणि डिसेंबरमध्ये निक्सन यांनी ते नाकारलं. नंतर कोविडमध्ये पाळणाघरं तगवण्यासाठी २४ अब्ज डॉलर दिले गेले, त्यांची मुदत ३० सप्टेंबर २०२३ ला संपली. संकट आलं की पैसे, संकट संपलं की तारीख. ओळखीचं वाटतंय ना?

हे वाचून "अमेरिकेचं ठीक आहे हो, आपल्याकडे काय?" असं कुणी म्हणेल. आपल्याकडेही पाळणाघर नेहमी दुसऱ्या कशाला तरी बांधलेलं असतं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तर कारखान्यात पाळणाघर हवं असं म्हटलं, १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आणला. गंमत बघा, मोजायच्या त्या बायका. म्हणजे मूल फक्त बाईचं, आणि बाई कामाला ठेवली तर मालकाला खर्च. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीत 'पन्नास कर्मचारी' असं आलं, त्यात पुरुषही मोजले जातात. एवढासा शब्दबदल, पण व्हायला सत्तर वर्षं लागली.

आणि आपल्या शहरांतल्या बांधकामांवरची मुलं तर स्वॅन आयलंडची गोष्ट सतत जगतात. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर धुळीत पडलेली मजुरांची मुलं बघून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली, पुढे मुंबई-पुण्यातही काम पोहोचलं. साइट चालू तोवर पाळणाघर चालू. इमारत पूर्ण झाली, की आई-वडील दुसऱ्या साइटवर, मूल त्यांच्याबरोबर, आणि पाळणाघर बंद. आपण ज्या टॉवरमध्ये बसून पाळणाघराच्या नोटिशीवर मेसेज टाइप करतो, तो टॉवर पूर्ण झाल्याच्या दिवशीही एखादं पाळणाघर असंच बंद झालेलं असू शकतं. फरक एवढाच की त्या संस्थेने हे आधीच ओळखलं आणि नावातच 'मोबाइल' घातलं.

परत कायझरकडे. त्याची शिपयार्डं पोर्टलंडसारखीच कॅलिफोर्नियात रिचमंडलाही होती. तिथेही १९४३ मध्ये मेरिटाइम कमिशनच्या पैशाने पाळणाघर बांधलं गेलं. मालक तोच, युद्ध तेच, पैशाचा उगम तोच. फक्त ते चालवायला कंपनीकडे न देता स्थानिक शाळा-मंडळाकडे दिलं होतं, आणि राज्य कॅलिफोर्निया होतं. जहाजं बंद झाली, कामगार पांगले, पण ते पाळणाघर चालू राहिलं. १९५७ आलं आणि गेलं. युद्धात तिथे झोपलेल्या मुलांना मुलं झाली, नातवंडं झाली. २००४ पर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून जास्त, त्या इमारतीत रोज सकाळी आया मुलं सोडत होत्या. नंतर तिची डागडुजी झाली, आता तिथे शाळा भरते, आणि एक वर्ग नॅशनल पार्क सर्व्हिसने युद्धकाळात होता तसा जपून ठेवला आहे.